भरून आणलेली मोटार पुन्हा जळते तेव्हा

जळालेली एकच मोटार एका हंगामात दुसऱ्यांदा भरायला, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी (वायंडिंग) नव्यानं घालायला आली, की पहिली शिवी ती भरणाऱ्या वायंडरला बसते. तार हलकी घातली, वार्निश नीट भाजलं नाही, पैसे मात्र पूर्ण घेतले. क्वचित ते खरंही असतं. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्याकडे करवीर, कागल, पन्हाळ्याहून ज्या जळक्या मोटारी येतात, त्यातल्या बऱ्याच मोटारींचा रोग मोटारीत नसतो, स्टार्टरच्या पेटीत (मोटार चालू-बंद करायच्या डब्यात) असतो. मोटार भरून गेली, पण पेटी तीच, फ्यूजला गुंडाळलेली तार तीच, आणि रिलेची (जादा करंट झाला की मोटार बंद करणाऱ्या भागाची) मर्यादा ठरवायची चकती कुणीतरी शेवटपर्यंत फिरवून ठेवलेली तशीच. मग नवं तांबं तरी किती दिवस टिकणार?

म्हणून पहिली विनंती अशी की मोटार उघडल्यावर जळकं वायंडिंग कापायच्या आधी स्वतः बघा, मोबाईलवर फोटो काढा. वायंडर ते तोडून तांबं वजनावर घालतो, आणि मोटार कशानं गेली याचा पुरावाही त्याच पोत्यात जातो.

बघायचं काय? तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर मोटार ओव्हरलोडनं गेली, नाहीतर जाम होऊन जागेवर हुंबत राहिली. स्टार जोडणीच्या (तिन्ही वायंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेल्या) मोटारीत दोन फेज जळाले आणि एक कोरा करकरीत राहिला, तर एक फेज गेला होता आणि मोटार उरलेल्या दोनवर चालत होती. डेल्टा जोडणीत (तिन्ही वायंडिंग त्रिकोणात जोडलेली) हेच उलटं दिसतं: एक फेज कोळसा आणि दोन बऱ्यापैकी शाबूत. बाकी सगळं वायंडिंग ताजं, आणि एकाच खाचेत तांब्याचे वितळलेले मणी असतील, तर तिथं इन्सुलेशन फुटून शॉर्ट झालं. ते ओलाव्यानं होतं, बेअरिंग बसून रोटर घासल्यानं होतं, कधी भरतानाच तार खरचटलेली असते. शिवी द्यायचीच असेल तर या शेवटच्या प्रकारात वायंडरला द्या, पहिल्या दोन प्रकारांत त्याचा काही संबंध नाही.

आता पेटीकडे. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. ओव्हरलोडमध्ये करंट सव्वापट, दीडपट होतो आणि मोटार हळूहळू तापत मरते. शॉर्टमध्ये तो क्षणात कितीतरी पट होतो. ओव्हरलोड रिलेतली पट्टी तापून वाकायला वेळ घेते, आणि तो वेळ मुद्दाम ठेवलेला असतो, कारण डीओएल (मोटार सरळ लाइनवर जोडणाऱ्या) स्टार्टरवर मोटार सुरू होतानाच सहा-सात पट करंट ओढते. तेवढ्यानं रिले सुटायला लागली तर मोटार कधी चालूच होणार नाही. साध्या क्लास १० च्या रिलेला ठरवलेल्या करंटच्या ७.२ पट करंटला सुटायला ४ ते १० सेकंद लागतात. खरा शॉर्ट झाला तर तेवढ्या वेळात केबल पेटते आणि रिलेही जळून जाते. म्हणून शॉर्टसाठी रिलेच्या आधी, लाइनच्या बाजूला एचआरसी फ्यूज (मोठा शॉर्ट करंट सुरक्षित तोडणारा बंद फ्यूज), एमसीबी (शॉर्टला आपोआप पडणारा स्विच) किंवा मोटारीसाठीचा तसाच एमपीसीबी लागतोच.

उलट बाजूनं, फ्यूज ओव्हरलोड सांभाळेल ही आशाही सोडा. किटकॅटची (चिनी मातीच्या साध्या फ्यूजची) तार तिच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या जवळपास दुप्पट करंटला वितळते. म्हणजे अगदी योग्य जाडीची तार घातली तरी मोटार दीडपट करंटवर जळून जाईल आणि फ्यूज शांत बसून राहील. आणि योग्य जाडीची तार घालतंय कोण? सर्व्हिस वायर सोलून तिचे दोन-तीन धागे पिळून बांधायची आपल्याकडे रीतच पडली आहे. ‘फ्यूज सारखा जातोय’ म्हणून जाड तार घातली जाते आणि ‘आता जात नाही’ म्हणून सगळे खूश असतात.

रिलेचा काटा

मोटारीच्या प्लेटवर अँपिअर लिहिलेले असतात. प्लेट गेली असेल किंवा रंग मारून बुजवली असेल तर अंदाजाला एचपीला दीड अँपिअर धरा: ५ एचपीला साडेसातच्या आसपास, साडेसातला अकरा, दहाला साडेचौदा-पंधरा. डीओएल स्टार्टरमध्ये रिलेची चकती प्लेटवरच्या आकड्यावर ठेवायची, त्याच्या वर नाही. नियमाप्रमाणे ठरवलेल्या करंटच्या १.०५ पटीला रिलेनं सुटायचं नसतं आणि १.२ पटीला दोन तासांच्या आत सुटायचंच असतं. तेव्हा ‘थोडी सवलत’ कारखान्यानंच दिलेली आहे, आपण वेगळी द्यायची गरज नाही.

स्टार-डेल्टा पेटीत (जी मोटार आधी स्टारमध्ये उठवून मग डेल्टात चालवते) मात्र बऱ्याच जणांचा घोटाळा होतो, अगदी जुन्या वायरमनचाही. या पेट्यांत रिले बहुतेक वेळा वायंडिंगच्या रस्त्यात बसवलेली असते, लाइनमध्ये नाही. तिथून लाइनच्या ५८ टक्केच करंट जातो. १० एचपीच्या मोटारीची लाइन १४.५ अँपिअर असेल तर रिले ८.४ वर हवी. कुणीतरी प्लेट वाचून प्रामाणिकपणे १४.५ वर ठेवतो आणि मग लाइनचा करंट २५ अँपिअरच्या वर गेल्याशिवाय ती रिले ढिम्म हलत नाही. प्लेट वाचली, चकती जुळवली, आणि तरी मोटार उघडी पडली. पेटी उघडून रिलेच्या तारा कुठून येतात ते बघा: मेनकडून सरळ तीन तारा येत असतील तर पूर्ण आकडा, मेन कॉन्टॅक्टरच्या (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या) पुढे मोटारीच्या सहापैकी तीन तारांवर रिले असेल तर ०.५८ नं गुणून.

अजून एक बारीक गोष्ट. पॉवर फॅक्टरसाठी लावलेला कपॅसिटर रिलेच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडला असेल तर रिलेतून जाणारा करंट कमी होतो. मोटार पूर्ण करंट घेत असते, रिलेला तो कमी दिसतो. अशा वेळी टाँग टेस्टर (तारेभोवती पकडून करंट मोजायचा चिमटा) लावून रिलेजवळचा प्रत्यक्ष करंट मोजा आणि चकती त्या बेतानं खाली आणा.

रिले सुटली की दोन मिनिटांत रिसेट दाबून पुन्हा स्टार्ट करायची सवय फार महागात पडते. रिलेची छोटी पट्टी लगेच थंड होते, मोटारीचं लोखंड-तांबं तासभर गरम राहतं. चार वेळा रिसेट मारलं की आतलं वायंडिंग सहन होण्यापलीकडे गेलेलं असतं, आणि वायंडिंगच्या तापमानात दर १० अंशाला इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे. रिले सुटली तर ती काहीतरी सांगते आहे. आधी टाँग टेस्टर लावा, मग बटण.

एक फेज गेला

शेतातल्या मोटारी सर्वात जास्त याच कारणानं जातात असं माझं मत आहे. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) एक फ्यूज जातो, डिओ (खांबावरचा फ्यूज) पडतो, कुठेतरी जंपर (जोडतार) सैल होतो. मोटार बंद असेल तर सुरू होत नाही, नुसती हुंबते. चालू असेल तर मात्र चालतच राहते, फक्त आवाज बदलतो. उरलेल्या दोन तारांतला करंट पावणेदोनपट होतो.

‘पण फेज गेला तर कॉन्टॅक्टर आपोआप सुटायला पाहिजे की,’ असं लोक म्हणतात. सुटेल, तुमचं नशीब असेल तर. कॉन्टॅक्टरची ४१५ व्होल्टची कॉइल तीनपैकी दोनच फेजवर असते. त्या दोनपैकी एक गेला तर कॉन्टॅक्टर सुटण्याची शक्यता असते, तिसरा गेला तर कॉइलला त्याचा पत्ताच नसतो. शिवाय चालू मोटार मेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करून मागे पाठवते. त्यामुळे फक्त व्होल्टेज बघणारा स्वस्त सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र) कधीकधी फसतो, त्याला तिन्ही फेज असल्यासारखेच वाटतात. करंटवर चालणारा, तिन्ही तारांतला फरक ओळखणारा प्रिव्हेंटर घ्या. थोडे पैसे जास्त जातील, मोटार भरायच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत.

डेल्टा मोटारीत साधी रिलेही इथं कमी पडते. एक फेज गेल्यावर लाइनचा करंट प्लेटवरच्या आकड्याइतकाच असला, तरी एका वायंडिंगमधून नेहमीपेक्षा १५ टक्के जादा करंट जातो. रिलेला सगळं मर्यादेत दिसतं आणि आत एक फेज भाजत असतो. म्हणून रिले घेताना ‘सिंगल फेजिंगसह’ अशीच मागा. तिच्यात तिन्ही पट्ट्या एकसारख्या वाकल्या नाहीत तर ती लवकर सुटते.

आणि कंडेन्सर (कपॅसिटर) लावून दोन फेजवर मोटार चालवण्याचा जुगाड? पाण्याची पाळी चुकली तर ऊस वाळतो हे मलाही कळतं. पण त्यासाठी प्रिव्हेंटर बायपास करून ठेवतात आणि नंतर तो परत जोडायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, हे खरं दुखणं आहे.

लाइट आली की मोटार आपोआप चालू करणाऱ्या ऑटो स्विचचंही तसंच. रात्रपाळीच्या लाइटला बांधावरून जायचं तर गवा किंवा बिबट्या आडवा येण्याची भीती असते, त्यामुळे ऑटो स्विच लावणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. महावितरण मात्र ते काढा म्हणून सारखं सांगत असतं आणि त्यालाही कारण आहे. लाइट येताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज कोसळतं, कुणाचीच मोटार गती घेत नाही आणि सगळ्या सुरुवातीच्या करंटवर अडकतात. ४१५ चं ३४० झालं तर मोटारीचा सुरुवातीचा जोर एक तृतीयांशानं घटतो. ऑटो ठेवायचाच असेल तर टायमरवाला ठेवा आणि डीपीवरच्या शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकानं वेगवेगळा उशीर लावा, कुणी अर्धा मिनिट, कुणी एक, कुणी दोन. हे भाऊबंदकीत किती जमेल ते तुमचं तुम्हाला माहीत.

फेज आहेत पण समान नाहीत, हा त्याचाच सौम्य भाऊ. तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज मोजा. समजा ४१५, ४०० आणि ३८५ आले. सरासरी ४००, सर्वात मोठा फरक १५, म्हणजे पावणेचार टक्के. या टक्केवारीचा वर्ग करून दुप्पट केला की मोटारीची तापवाढ साधारण किती टक्क्यांनी जादा होते ते कळतं. इथं ती २८ टक्के येते.

करंट असमान येत असेल तर दोष लाइनचा की मोटारीचा, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. मेन बंद करून मोटारीच्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवा, पहिली दुसऱ्याच्या जागी, दुसरी तिसऱ्याच्या, तिसरी पहिल्याच्या. फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा करंट मोजा. जास्तीचा करंट मोटारीच्या त्याच तारेबरोबर सरकला तर वायंडिंगमध्ये किंवा केबलमध्ये गोम आहे. लाइनच्या त्याच फेजवर राहिला तर मोटार निर्दोष, तक्रार डीपीकडे न्या.

शॉर्ट झाला, पण फ्यूज गेलाच नाही

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण लांबच्या विहिरीवर नेहमी होतं. समजा डीपीपासून विहिरीपर्यंत ३०० मीटर ४ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल आहे. तिच्या एका तारेचा रोध सुमारे २.२ ओहम. मोटारीजवळ दोन फेज एकमेकांना चिकटले तर रस्त्यात जाऊन-येऊन ४.४ ओहम आहेत, म्हणजे करंट ४१५ भागिले ४.४, फार तर ९४ अँपिअर. डीपीजवळ हाच शॉर्ट हजारांत गेला असता. आता मागे जाड तारेचा फ्यूज असेल तर ९४ अँपिअरला तो कितीतरी वेळ तग धरेल आणि तेवढ्यात केबल वितळेल. हेच २० किंवा २५ अँपिअरचा एचआरसी असेल तर काही सेकंदांत उडेल. ५ एचपी डीओएलला साधारण याच रेटिंगचा एचआरसी लागतो. नेमका आकडा स्टार्टरच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्यात असतो, तो झाकणासकट फेकून देऊ नका.

याच केबलवर ५ एचपीची मोटार चालताना वीस-पंचवीस व्होल्ट वाटेतच मुरतात, म्हणजे डीपीवर ४१५ असले तरी पेटीत ३९० च्या आसपास. केबल जाड घेणं हाही मोटार वाचवण्याचाच उपाय आहे.

पेटीतले शॉर्ट बहुतेक वेळा पाल, मुंग्या किंवा उंदीर यांच्या कृपेनं होतात. केबल आत येते ती भोकं ग्लँड लावून बंद करा, निदान एम-सील तरी भरा. शॉर्ट होऊन गेल्यावर नवा फ्यूज घालून लगेच चालू करू नका. कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेले असू शकतात, मग स्टॉप दाबला, रिले सुटली तरी मोटार थांबतच नाही. मेन बंद करून हातानं कॉन्टॅक्टरचं आर्मेचर (हलणारा भाग) दाबून-सोडून बघा, मोकळं हलतं का. पॉइंट वितळले असतील तर कानस मारत बसू नका, बदला.

पंप उलट वागतो

‘व्हॉल्व्ह पूर्ण उघडा हाय, पाणी बी जोरात पडतंय, मग लोड कसला येतोय?’ हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. नेहमीच्या सेंट्रिफ्युगल पंपात पाणी जितकं जास्त जाईल तितका लोड जास्त. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह दाबला की लोड कमी होतो, पाईप फुटला किंवा वरच्या टाकीऐवजी खालच्याच वाफ्यात पाणी सोडलं की वाढतो. जास्त उंचीसाठी घेतलेला पंप कमी उंचीवर चालवला की मोटार हमखास गरम होते. नदीवरच्या उपसा योजनांत पाणी चढलं की उंची घटते आणि तोच पंप जास्त अँपिअर घ्यायला लागतो. उन्हाळ्यात नीट चालणारी रिले पावसाळ्याच्या तोंडाला सुटायला लागली तर तिची चकती वर करण्याआधी डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा दाबून अँपिअर बघा.

याच्या उलट, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढले की पातळी उतरते, सक्शन पाईपच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो, पंप हवा ओढतो. तेव्हा करंट कमी होतो, त्यामुळे ओव्हरलोड रिलेला काहीच कळत नाही. मोकळ्या पंपात सील जळतं. सबमर्सिबलचं तर थंड होणंच भोवतालच्या पाण्यावर असतं, तिला ड्राय रन प्रोटेक्शन वेगळं लावावं लागतं.

गुऱ्हाळावर गोष्ट सरळ आहे. चरकात मोळीच्या मोळी कोंबली की चरक अडतो, मोटार अडते, रिले सुटते. चकती फिरवण्याऐवजी ऊस घालणाऱ्या गड्याला सांगा. पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणला असेल तर बेअरिंगवर लोड येतो, तोही सैल करा.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांसाठी थोडंसंच: सँड मिक्सरच्या मोटारी पंख्याच्या जाळीत वाळू बसून तापतात, आणि तेव्हा करंट वाढलेलाच नसतो. करंट बघणारी कुठलीही रिले हे पकडू शकत नाही. मोटार भरायला टाकाल तेव्हा वायंडिंगमध्ये थर्मिस्टर (तापमान ओळखणारा तुकडा) घालून घ्या आणि त्याची रिले पेटीत बसवा.

नदीत बुडालेली मोटार

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. नदीकाठचे लोक त्याच्या कितीतरी आधी मोटारी वर काढतात, पण २०१९ आणि २०२१ साली ज्या राहून गेल्या त्या गाळासकट आमच्याकडे आल्या. पाणी उतरल्यावर बुडालेली मोटार ‘बघू तरी चालते का’ म्हणून चालू करणं म्हणजे दुरुस्त होणारी मोटार हातानं जाळणं. उघडा, गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा, भट्टीत १०० अंशांच्या आत सावकाश वाळवा, बेअरिंग बदला. मग ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) वायंडिंग आणि बॉडीमधला रोध मोजा. १ मेगओहमच्या खाली असेल तर पुन्हा वाळवा. वाळवूनही चढत नसेल तर वार्निश गेलं, भरायलाच टाका. मोटारीवर एवढी मेहनत घेऊन बुडालेली पेटी तशीच जोडू नका. कॉन्टॅक्टर धुऊन वाळवून एखादवेळ चालेल. रिले, एमसीबी आणि एचआरसी मात्र नवे घाला, कारण आत गाळ सुकलेली रिले बाहेरून ठीक दिसते आणि पट्टी अडकली की सुटत नाही.